नाखव्याचा अर्ज

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात दरवर्षी माझ्या वाट्याला खलनायकच येतो. मी गोरा, डोळ्यांनी घारा आणि नावाचा बदरुद्दीन. एवढं सगळं एकाच माणसात आयतं मिळाल्यावर मंडळानं दुसरीकडे कशाला बघावं? बत्तीस वर्षांत मी दोनदा मोगल सरदार झालो, एकदा पोर्तुगीज पाद्री, आणि इंग्रज कलेक्टर किती वेळा झालो ते आता आठवतही नाही. मी कधी कुरकुर केली नाही. तालमीनंतर जयप्रकाशच्या घरी मिसळ मिळते, चार माणसं मराठीत भांडतात, तेवढ्यासाठी मी दर शुक्रवारी खैतानहून फिंतासला गाडी हाकत जातो.

या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं.

कुवेतला इंग्रजांकडून स्वातंत्र्य मिळालं जूनमध्ये, पण राष्ट्रीय दिन साजरा होतो फेब्रुवारीत. त्या निमित्तानं मंडळानं कुवेतच्या स्वातंत्र्यावर नाटुकलं बसवायचं ठरवलं. लिहिलं सुचित्रावहिनींनी, म्हणजे आमचे अध्यक्ष जयप्रकाश यांच्या बायकोनं. जयप्रकाश पुण्याचा, तेल कंपनीत मोठा इंजिनियर, माणूस वाईट नाही. त्यांच्या इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये वाचन झालं. पहिल्या प्रवेशात मोर्चा. दुसऱ्यात लाठीमार. तिसऱ्यात एक तरुण कुवेती छातीवर गोळी झेलतो, त्याची आई हंबरडा फोडते. चौथ्यात मी, गोरा साहेब, खिडकीतून हसतो. पाचव्यात साहेबाच्या कचेरीतला हिंदी कारकून टेबलावर लेखणी आपटतो, ‘अशा सरकारचं मीठ मला नको’ म्हणतो आणि मोर्च्यात सामील होतो. पडदा.

“इथे असं काही झालेलं नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?” जयप्रकाशनं विचारलं.

“म्हणजे साहेबाला घालवायला ना मोर्चा निघाला ना गोळी चालली. एकेक खातं सुटत गेलं. आधी टपाल घेतलं. मग आमचा रुपया बंद करून यांनी दिनार काढला. मग कोर्टं घेतली. शेवटी जून एकसष्टमध्ये इकडून एक पत्र गेलं, तिकडून एक आलं, आणि झालं.”

“बदरुद्दीनभाई, पत्रांची अदलाबदल स्टेजवर कशी दाखवायची? लोक उठून जातील.”

आमच्या लोकांचं हे असं आहे. शाळेत स्वातंत्र्याचं एकच चित्र पाहिलेलं. तेच उचलायचं आणि जगात कुठेही चिकटवायचं. तेही मी गिळलं असतं. दरवर्षी पुढच्या रांगेत बसणारे अबू फहद, ज्यांच्या कृपेनं आम्हाला कार्यक्रमाची जागा मिळते, ते कुवेती म्हातारबाबा आमची मोगलांची नाटकंही शांतपणे बघतात. पण लेखणी आपटणारा तो कारकून माझ्या घशात अडकला. कारण साहेबाच्या कचेरीतला खरा हिंदी कारकून कोण होता ते मला ठाऊक होतं. तो माझा बाप होता.

माझे बाबा हारून त्रेपन्न साली मुंबईहून इथे आले, अठराव्या वर्षी, एका कुवेती नाखव्याच्या गलबतावरून. दर्यात बाबांना ताप भरला. नाखव्यानं त्यांना स्वतःच्या जागेवर झोपवलं, स्वतःच्या वाटचं गोडं पाणी पाजलं आणि भाड्याची गोष्टसुद्धा काढली नाही. तो मुंबईच्या गोदीतलं हिंदी बोलायचा. बाबांना ‘छोकरे’ म्हणायचा.

बाबांना चार अक्षरं इंग्रजी येत होती. साहेबाच्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि चार वर्षांत ते खिडकीवर बसले. खिडकीच्या आत सावली, पंखा, खुर्ची. खिडकीच्या बाहेर ऊन आणि रांग. बाहेर जायचं कुणाला असेल तर त्याचा अर्ज त्या खिडकीतून आत जायचा, साहेब सही करायचा आणि अर्ज परत यायचा. आत कुठला अर्ज न्यायचा ते बाबांच्या हातात होतं. रांगेतले लोक त्यांना मुन्शीसाहेब म्हणत. बावीस वर्षांच्या पोराला ते फार गोड लागलं.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तो नाखवा रांगेत आला. त्याची बायको आजारी होती, तिला मुंबईच्या इस्पितळात न्यायचं होतं. खिडकीत ओळखीचा चेहरा बघून त्याला इतका आनंद झाला की सगळ्या रांगेसमोर तो मोठ्यानं म्हणाला, “अरे छोकरे, तू इधर?” रांग हसली.

बाबांनी अर्ज परत सरकवला आणि म्हणाले, “बुकरा.” उद्या.

दुसऱ्या दिवशीही बुकरा, तिसऱ्या दिवशीही. साहेब आतल्या खोलीत बसला होता. कागद पुढे ठेवला असता तर त्यानं मान वर न करता सही केली असती. त्याला यातलं काही कळलंच नाही. चौथ्या दिवशी नाखवा आला नाही. त्याची बायको वारली, हे बाबांना आठवड्यानं बाजारात कळलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बाबा कदाचित विसरलेही असते. पण साठ साली ते टेबल कुवेतींनी ताब्यात घेतलं. साहेबाचं निशाण वर होतंच, पत्रं बदलायला अजून वर्ष होतं, पण त्या खिडकीवर एक कुवेती पोरगा येऊन बसला आणि बाबांना काम शिकवण्यासाठी त्याच्या बाजूला स्टूल मिळालं. एक दिवस रांगेत तोच नाखवा दिसला. बाबांनी मान खाली घातली. तो पोरगा मात्र खुर्चीवरून उठला, ‘या अम्मी’ म्हणाला, म्हणजे ‘काका’, आणि दार उघडून म्हाताऱ्याला आत घेऊन आला. स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. बाबांना पाणी आणायला पाठवलं. बाबांनी पाणी आणून नाखव्याच्या हातात दिलं. नाखव्यानं ते घेतलं, प्यायला, आणि बाबांकडे बघितलं नाही.

“त्या दिवशी मला कळला यांचा राज्य आला,” बाबा मला म्हणाले. दोन हजार नऊ साली, श्रीवर्धनला, वारण्याच्या आठ दिवस आधी. “तू तिकडं असतंस. तिथल्या लोकांसमोर एकदा बोलून टाक. माज्याच्यान झाला नाय.”

मी हो म्हणालो होतो. त्याला सोळा वर्षं झाली. दरवर्षी मी ते पुढच्या वर्षावर टाकलं. खरं सांगायचं तर मला बाबांचा राग येत होता. मेलेल्या माणसाचं पाप आपण कशाला अंगावर घ्यायचं, असंही वाटत होतं.

हे सगळं मी त्या तळघरात सांगितलं. सुचित्रावहिनींनी चष्मा काढला. “हेच घेऊ या,” त्या म्हणाल्या. “पोरगा खुर्चीवरून उठतो, ते फार छान आहे.” आठ दिवसांत त्यांनी प्रवेश लिहूनही काढला. कारकुनाचं काम मला. आयुष्यात पहिल्यांदा मिशी न चिकटवता.

पुढच्या तालमीला जयप्रकाशनं तो काढून टाकला.

“कुवेती पाहुणे समोर बसणार,” तो म्हणाला. “आपल्या माणसानं त्यांच्या बाईला मारलं, असं आपणच स्टेजवरून सांगायचं? मारिया तिच्या शाळेतून मुलं आणणार आहे, शैलेशनं आधीच्या कारकुनाचं काम पाठ केलंय. आणि बदरुद्दीनभाई, खरं सांगा, तुमच्या वडिलांची बदनामी तुम्हालाच कशाला हवी?”

“माझ्या वडिलांची काळजी मी करीन.”

“मग मंडळाची मी करतो. तुम्ही साहेब करा. हॅट आणलीय तुमच्या मापाची.”

हॅट खरंच माझ्या मापाची होती. बिल्कीस, माझी बायको, घरी आल्यावर म्हणाली, “फेकून द्या ती टोपी. कशाला जाता त्या लोकांत?” मी हॅट फेकली नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ठेवली. येता-जाता तिच्याकडे बघून माझा पारा चढत होता आणि मला तो उतरू द्यायचा नव्हता.

त्याच दिवसांत जहरा शहरातलं एक काम मागे लागलं होतं. मी एका बांधकाम कंपनीचा मंदूब आहे, म्हणजे कंपनीचे सरकारी कागद घेऊन खिडक्या-खिडक्यांवर फिरणारा माणूस. आता बरंचसं मोबाइलवर होतं, पण काही कागद अजून माणसालाच घेऊन जावे लागतात. आमच्या एका ड्रायव्हरच्या कार्डावर जन्मतारीख चुकली होती. ती दुरुस्त होईपर्यंत लायसन्स नाही, लायसन्स नाही म्हणून गाडी नाही, आणि पोरगा खोलीवर बसून. जहराच्या एका कचेरीत मी तो कागद तीनदा नेला. खिडकीवर एक पंचविशीचा कुवेती तरुण होता, दिशदाशा, म्हणजे पायघोळ पांढरा झगा, कडक इस्त्रीची, समोर चहाचा छोटा काचेचा इस्तिकान. तीनदा त्यानं फोनमधून डोळे न काढता कागद परत सरकवला.

“बुकरा, रफीक.”

रफीक म्हणजे मित्र. इथे ज्याचं नाव विचारायची गरज वाटत नाही त्याला रफीक म्हणतात. बत्तीस वर्षं मी हा शब्द ऐकतोय. तिसऱ्या वेळी कागद घेऊन गाडीत बसलो. त्या पोराच्या कानफटात मारावी असं मला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. मग वाटलं, सत्तावन्नच्या उन्हात नाखव्यालाही हेच वाटलं असेल, आणि त्याची तर बायको घरी पडलेली होती. गाडी चालू करायला मला बराच वेळ लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. अबू फहद पहिल्या रांगेत. जयप्रकाशनं त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. दरवर्षी देतात. म्हातारबाबा दरवर्षी तो नारळ मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसतात, कारण त्याचं काय करायचं ते आजवर कुणी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्या बाजूला मंडळातली प्रणिता बसली होती, नाटक इंग्रजीत कानाशी सांगत.

मोर्चा झाला. लाठीमार झाला. तरुण मेला, आईनं हंबरडा फोडला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीतून हसलो. मग शैलेशनं टेबलावर लेखणी आपटली आणि म्हणाला, “अशा सरकारचं मीठ मला नको.” तो मोर्च्याकडे निघाला. खुर्ची रिकामी राहिली.

मी खिडकीमागून बाहेर आलो. हॅट काढून टेबलावर ठेवली आणि त्या खुर्चीवर बसलो. विंगेतून जयप्रकाश हातानं खुणा करत होता. मी अबू फहदकडे तोंड केलं आणि अरबीत बोललो. माझं अरबी तोडकंमोडकं, पण खिडकीपुरतं पक्कं आहे. नाखव्याला इथे नोखदा म्हणतात.

“असं कुणी उठून गेलं नाही,” मी म्हणालो. “या खुर्चीवर माझा बाप बसला होता. तो शेवटच्या दिवसापर्यंत उठला नाही. एका नोखदानं त्याला बोटीतून फुकट आणलं, स्वतःचं पाणी पाजलं. त्या नोखदाला त्यानं तीन दिवस उन्हात उभं केलं. नोखदाची बायको गेली. साहेबानं त्याला असं करायला सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच केलं. मरताना त्याला हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून मी सांगतोय.”

मागच्या रांगांना काही कळलं नाही. नाटकाचाच भाग समजून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. जयप्रकाशनं घाईघाईनं गाणं लावलं. मी विंगेत आलो तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

“तुम्ही मंडळाचा विश्वासघात केलात,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी जागा मिळाली नाही तर मी तुमचं नाव सांगणार.”

“सांगा,” मी म्हणालो. “खलनायक म्हणून तसंही माझंच नाव असतं.”

सोळा वर्षांचं ओझं उतरलं होतं. इतक्या वर्षांनी मला बापाचा राग येत नव्हता आणि स्वतःचा तर मुळीच नाही. तेवढ्यात अबू फहद काठी टेकत विंगेत आले. नारळ बगलेत होता. माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हे शिव्या देतील किंवा मिठी मारतील. दोन्हींसाठी मी तयार होतो.

“त्या नोखदाचं नाव काय?” त्यांनी विचारलं.

“नाव?” मी म्हणालो.

“कुठल्या घरातला? कुणाचा मुलगा?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “बाबा त्याला नाखवाच म्हणायचे.”

“पण अर्जावर लिहिलेलं असेल.”

“असेल.”

“तुझ्या वडिलांनी वाचलं नाही?”

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. “तेव्हा आम्ही थोडी घरं होतो,” ते म्हणाले. “सगळे नोखदा मला घराण्यासकट माहीत आहेत. नाव असतं तर मी आत्ता तुला त्यांच्या नातवांच्या दारात नेऊन उभं केलं असतं. जे मला सांगितलंस ते त्यांना सांगितलं असतंस.” मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि ते गेले.

तीन दिवस अर्ज बाबांच्या हातात होता. तीनदा तो आत आला, तीनदा बाहेर गेला. त्यावर त्या माणसाचं नाव होतं, त्याच्या बापाचं होतं, बहुतेक त्या बाईचंही असेल. बाबांनी वाचलं नाही. आणि मी? मला बाबांनी सगळं सांगितलं, ऊन, पंखा, पाण्याचा पेला, सगळं. मी एकदाही विचारलं नाही की बाबा, त्याचं नाव काय होतं. सोळा वर्षं मी बापावर रागावत बसलो आणि समजत होतो की त्याच्यापेक्षा मी बरा.

घरी बिल्कीसला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “मग आता माफी कुणाकडं पोचली?” ती म्हणाली.

“कुणाकडेच नाही.”

तिनं ताट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

रविवारी मी पुन्हा जहराला गेलो. रांगेत उभा असताना पहिल्यांदा त्या ड्रायव्हरचा अर्ज नीट वाचला. तीन फेऱ्या मी तो ‘ड्रायव्हरचा कागद’ म्हणून नेत होतो. त्याचं नाव प्रीतम सिंग. बापाचं नाव सुरजित सिंग. वय चौतीस. मला स्वतःची लाज वाटली आणि लाजेनं राग आणखीच वाढला.

खिडकीवर तोच तरुण होता. कागद सरकवला. त्यानं बघितलं नाही.

“बुकरा, रफीक.”

“नाव वाच,” मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. मला वाटतं या चार वेळांत पहिल्यांदाच.

“काय?”

“कागदावर नाव आहे. ते वाच.”

त्याच्या कपाळावर आठी आली. मला हाकलून द्यायला त्याला एक शब्द पुरला असता, आणि बाहेर हाकललेल्या मंदूबला कंपनी ठेवत नाही. पण त्यानं कागद जवळ ओढला.

“प्रीतम सिंग,” तो म्हणाला. “मग?”

“सुरजित सिंगचा मुलगा. सोळा दिवस खोलीवर बसून आहे.”

“आणि तू कोण?”

मी माझं कार्ड काचेखालून आत सरकवलं. त्यानं ते उचललं आणि मोठ्यानं वाचलं, “बदरुद्दीन हारून.”

बाबांचं नाव मी त्या काचेपलीकडून ऐकलं. कुवेती तोंडून, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून. मी उन्हाच्या बाजूला होतो. अडुसष्ट वर्षं झाली होती आणि खिडकी तीच होती, फक्त आत बसणारे बदलले होते. त्या पोराच्या आजोबांनी साहेबाकडून ती खिडकी कदाचित रांगेतल्या माणसासाठी खुर्चीवरून उठता यावं म्हणूनच घेतली असेल. हा उठत नव्हता. माझा बापही उठला नव्हता.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. कार्ड परत सरकवलं. कागदही सरकवला.

“बुकरा, बदरुद्दीन,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हणालो. “आज.”

मी कागद उचलला नाही. मागच्या माणसानं माझ्या खांद्याला हात लावला, कदाचित बाजूला हो म्हणत असेल. मी दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवले आणि तिथेच उभा राहिलो.